कडू

"मी नाही खात. सांगतलो ना एकदा!" ईश्वरदासने हाताने वाटी मागे लोटली आणि मिक्सरमधून काढलेली पातळ खिचडी बायकोच्या, सत्यभामाच्या साडीवर सांडली.

"आयका ना, दोन घास तरी," ती पदर झटकत म्हणाली.

"घास कायचा? चिखल होय थो. सकाळी चिखल, संध्याकाळी चिखल. तू खाऊन पाय."

सत्यभामा वाटी उचलून आत गेली. ईश्वरदास खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चैत्राच्या उन्हाने मुर्री गावातल्या त्यांच्या घराची टिनं कडकड वाजत होती.

गोंदियाच्या बसस्टँडजवळ ईश्वरदासचा आलुबोंड्यांचा ठेला होता. पहाटे आलू उकडायचे, मिरची वाटायची, आणि पहिली बस लागायच्या आत कढई तापलेली असायची. महाशिवरात्रीला तोच ठेला नागऱ्याच्या महादेवाच्या जत्रेत लागायचा. माणूस कमी बोलणारा. कारण गालात कायम खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला. खर्ऱ्याने गाल आधी पांढरा केला, मग त्यात जखम झाली, आणि ती भरेचना. शेवटी नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा गेला, जिभेची एक कड गेली. त्यानंतर सेकाई, म्हणजे रेडिएशन. सेकाई संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजार निघाला. सत्यभामा तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर, डोकं टेकून रडली होती.

आजार निघाला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. मीठ नाही, तिखट नाही, गोड नाही. जे तोंडात जाईल ते ओल्या मातीसारखं. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले होते, "काहींना लवकर येते, काहींना उशिरा." काहींना येतच नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ईश्वरदासने ते ओळखलं होतं. ठेला आता त्याचा पुतण्या हेमेंद्र चालवत होता. सकाळी तो चटणी घेऊन यायचा, ईश्वरदास चमचा जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "बरी हाय." पोरगा खुश होऊन जायचा. तो गेला की ईश्वरदास बराच वेळ त्या चमच्याकडे पाहत बसायचा.

कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, "वाचले ना भाऊ, देवाची कृपा." वाचलेल्या माणसाने तक्रार कशी करावी? म्हणून त्याने जेवणावरच राग धरला. वजन उतरत चाललं होतं. गेल्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी उतरलं तर नाकातून पुन्हा नळी घालावी लागेल. त्या नळीची आठवण निघाली की सत्यभामा उठून पुन्हा मिक्सर लावायची.

दुपारच्या गाडीने प्रेरणा आली. ती त्यांची एकुलती एक मुलगी, रायपूरच्या एका शाळेत शिकवायची. पाठीवर बॅग, घामाने डबडबलेला चेहरा आणि छातीशी धरलेला थर्माकोलचा डबा.

"माय, फ्रीज उघड लवकर! ऑटोवाल्यानं बजारातूनच फिरवलं, अर्धं पानी झालं असन."

"काय होय थे?"

"आइस्क्रीम. बाबासाठी."

"अवं, येड लागलं का तुले?" सत्यभामा आवाज दाबून म्हणाली. "थ्याचा गळा कसा हाय, तुले मालूम नाही का? थंडं कायले आनली?"

"डॉक्टरले फोन करून इचारली मी. चालते म्हनाले. अंगाले लागते म्हनाले."

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर साठला होता. आत मूठभर वस्तूही मावेना, आणि कप्प्याचं दार तर महिन्यांपासून लागत नव्हतं. मग ठरवायला काही उरलंच नाही. आत्ताच खायचं.

थर्माकोलमधून आइस्क्रीमचा डबा बाहेर निघाला. जाड कागदाचा, काळपट तपकिरी, त्यावर सोनेरी अक्षरं. मुठीत मावेल एवढा. सत्यभामाने तो उलटसुलट करून पाहिला. आइस्क्रीम म्हणजे तिला लग्नाच्या पंगतीतलं माहीत होतं, गुलाबी-पांढरं, लाकडी चमच्याचं. हे तर ओल्या काळ्या मातीच्या ढेकळासारखं दिसत होतं.

"बाबा, उठा ना," प्रेरणा खाटेजवळ बसली. "तुमाले म्हनून रायपूरवरून आनली."

बायकोवर चिडणं सोपं होतं. इतक्या लांबून आलेल्या लेकीला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तो उठून बसला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं, म्हणून प्रेरणाने लहान बाळाचा चमचा घेतला.

पहिला चमचा त्याने नुसता तोंडात ठेवला. थंड वाटलं, बरं वाटलं, बाकी काही नाही. प्रेरणा त्याच्या तोंडाकडे बघत होती. सत्यभामा दाराच्या चौकटीला टेकून अंगणाकडे बघत होती. अशी आशा तिने पुष्कळदा करून पाहिली होती.

दुसरा चमचा. तिसरा. आणि ईश्वरदासच्या कपाळावर आठी पडली.

"खराब हाय हे," तो म्हणाला.

"काऊन बाबा, काय झालं?"

"कडू लागून राहिलं."

प्रेरणाचा चेहरा पडला. "जुना माल देल्ला का मंग दुकानदारानं..."

"मी म्हनतच होती तुले," सत्यभामा पुढे आली. तिने डबा ओढून घेतला, नाकाशी धरला, आणि तशीच थांबली. मग हळूच विचारलं, "काय म्हनले तुमी?"

"कडू म्हनलो. कडूले का गोड म्हनू?"

"कडू लागलं? तुमाले?"

ईश्वरदासने तिच्याकडे पाहिलं. पंखा घरघरत होता. त्याने हात पुढे केला, डबा घेतला, चमचाभर आइस्क्रीम जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"कडू," तो पुटपुटला. "थांबा... मांगून गोड येऊन राहिलं. पहिले कडू, मंग गोड. अना वास... भुंजलेल्या चिंचोक्यासारखा."

"बाबा, हे असंच असते!" प्रेरणा ओरडलीच. "याच्यात चॉकलेट जास्त, साखर कमी. हे कडूच असते!"

त्याने चमचा डब्यात ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. त्याचे खांदे हलत होते. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तो रडला नव्हता.

सत्यभामा आत धावली. मीठ, लिंबाची फोड, गुळाचा खडा, हाताला लागलं ते बशीत घेऊन आली. एकेक त्याच्या जिभेवर ठेवू लागली. गूळ किंचित कळला. लिंबू नुसतंच झोंबलं. मिठाचं काहीच कळलं नाही.

"मीठ नाही आलं," तो म्हणाला.

"येईन. एक आलं ना, बाकीचे येतीन मांगून," ती म्हणाली आणि बशी खाली ठेवून नागऱ्याच्या दिशेने तिने हात जोडले. कपाळाला लावलेले हात बराच वेळ खाली आले नाहीत.

ईश्वरदास खात होता. घाई नव्हती. चमचा जिभेवर ठेवायचा, विरघळू द्यायचा, मान हलवायची, मग दुसरा. मध्येच थांबून म्हणाला, "सत्यभामा."

ती दचकली. संसारात त्याने तिला नावाने हाक अशी फारशी मारलीच नव्हती.

"एवढे दिवस चिखल चिखल म्हनलो मी. तू रोज रांधली. एक टैम चुकवली नाही." तो डब्यात बघत राहिला. "मले बोलता नाही येत. तू होती म्हनून मी हावो."

"खा चुपचाप," ती म्हणाली. "पानी होऊन राहिलं थ्याचं."

प्रेरणा हसत डोळे पुसत हात-पाय धुवायला विहिरीकडे गेली. सत्यभामा त्याच्याशेजारी खाटेवर बसली. ऑपरेशनपासून त्याचा डावा ओठ बधिर होता. त्या बाजूने आइस्क्रीमचा एक तपकिरी ओघळ हनुवटीवर उतरला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तिने पदराचं टोक उचललं, पण मग ते सोडून दिलं. बोटानेच तो ओघळ हलकेच निपटून घेतला आणि ते बोट आपल्या तोंडात घातलं.

"कडूच हाय बाई," ती म्हणाली.

ईश्वरदासने डबा दोघांच्या मध्ये धरला.