नवसाबाईंचा मासा

मंजुषा मॅडमना ज्ञानेश सरांचं गोड बोलणं पहिल्यापासून खटकायचं. दोघंही नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात मुलांची सहल मालवणला गेली, तेव्हा कोळ्यांच्या जाळ्यातून दोन चिमुकले मासे मिळाले. काळसर अंग, त्यावर निळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. एक बादलीतच मेला, तो मॅडमनी फॉर्मॅलिनच्या बरणीत घातला. दुसरा सरांच्या डब्यात होता. "तोही गेला हो, वाटेत टाकून दिला," नाशिकला उतरल्यावर सर म्हणाले. नमुना कुणी टाकून देतं का? मॅडमच्या मनात शंकेची पाल तिथेच चुकचुकली.

त्यांनी परांचे काटे मोजले, पुस्तकं पालथी घातली. असा रंग कुठेच सापडेना. म्हणजे जात नवी! शोधणाऱ्यानं जातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, असा शास्त्रज्ञांचा संकेत. मॅडमना ते द्यायचंही नव्हतं. त्यांच्या आईनं, नवसाबाईंनी, झेंडूच्या पाट्या डोक्यावर वाहून लेकीला एम.एस्सी. केलं होतं. आता आई नव्हती, तिचा धड फोटोही नव्हता. निदान नाव तरी जगाच्या पुस्तकात जावं, एवढीच आस होती. पण जो आधी छापतो, त्याचंच नाव टिकतं.

आणि सरांचं काय चाललं होतं? दर शनिवारी मुंबई. स्कूटरला भलेमोठे कॅन. कधी बघावं तर पट्टी घेऊन मॅडमच्या बरणीसमोर उभे. वर पुन्हा, "लेखाची घाई करू नका हं मॅडम, थोडं थांबा." थांबा म्हणे! स्वतःचा लेख छापून येईपर्यंत? मॅडम मनात जळफळायच्या. कपाटाची किल्ली त्या पर्समध्ये घेऊन फिरू लागल्या.

सहलीला वर्ष व्हायच्या आत त्यांनी माशाला आईचं नाव देऊन गुपचूप लेख पाठवला. एका छोट्या नियतकालिकात तो लगेच आलाही. अंक घेऊन त्या तडक नाशिकजवळच्या एकलहऱ्याला, सरांच्या क्वार्टरवर गेल्या.

"घ्या! झालं थांबून," म्हणत त्यांनी अंक टेबलावर आपटला.

सरांनी लेखाचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी आतल्या खोलीचा पडदा सारला. मुंबईहून कॅनमधून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात, काचेच्या टाकीत, दुसरा मासा पोहत होता. शेपटीकडे जुन्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. बाकी अंग सोनेरी, त्यावर निळ्या कमानी. मॅडमनी त्याला लगेच ओळखलं. दोनशे वर्षांपूर्वीच नाव मिळालेला हा मासा त्या दरवर्षी वर्गात चित्रातून दाखवायच्या. आपण पिल्लालाच नवी जात समजलो होतो.

"तेव्हा दिला असता तर तुम्ही यालाही बरणीत घातलं असतं," सर हळूच म्हणाले. "मोठा होऊन कसा दिसतो ते बघायचं होतं. रंग बदलायला लागला, पण वाटलं, खात्री होईपर्यंत तुमचं मन कशाला मोडायचं."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "मागे घेता येईल का हो ते नाव?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. एकदा छापलेलं नाव पुसलं जात नाही, हे मॅडमनाही ठाऊक होतं. त्यांना रडू फुटलं. आता जगाच्या प्रत्येक पुस्तकात, या माशाच्या खऱ्या नावाखाली, बाद नावांच्या यादीत, आईचं नाव कायमचं राहणार होतं. लेकीची चूक म्हणून.