वरची न्यूट्रल

थोरल्यानं मेनचा फ्यूज उपसून खिशात टाकला आणि मीटरकडे बघितलं. घरातला पंखा थांबला, फ्रिज घरघर करून गप्प झाला. मीटरवरचा तांबडा दिवा मात्र लुकलुकतच राहिला.

"बघा," जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून त्याची बायको म्हणाली. "आपल्याकडे सगळं बंद. मग हा कुणासाठी पळतोय?"

वरच्या मजल्यावर धाकट्या भावाचं वॉशिंग मशीन धडधडत होतं. ते थांबलं की दिवा सुस्तावायचा, फिरायला लागलं की दिवाही पळायचा.

"तरी मी सांगत होते. भावजी बोलायला गोड, पण..."

"हळू बोल."

"वा! चोर वर बसणार आणि हळू आम्ही बोलायचं?"

सकाळीच त्यानं वीज ऑफिसात फोन करून चोरीची तक्रार नोंदवली होती. माणूस पाठवतो म्हणाले. सख्ख्या भावाचं मीटर सील होणार, गल्लीत छीथू होणार. म्हणून तर माणूस यायच्या आत त्याला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायची होती.

वायरिंगचं त्याला थोडंफार कळायचं. दोन्ही मजल्यांवरचे पंखे त्यानंच टांगलेले. "आमचा दादा म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा," असं धाकटा चिडवायचा, आणि काही बिघडलं की त्यालाच हाक मारायचा.

त्यानं पेटीचं झाकण काढलं. आत पितळी पट्टीवर न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, काळ्या वायरी ओळीनं बसलेल्या. आणि कडेला एक जुनी, बारीक वायर. ती सरळ शेजारच्या पेटीत शिरली होती. शेजारची पेटी धाकट्याची.

"ही बघ."

"म्हणजे इथून ओढतात?"

"दुसरं काय!"

त्यानं स्क्रू ढिला केला आणि रबरी मुठीच्या पक्कडीनं ती वायर बाहेर ओढली. चट्‌कन ठिणगी उडाली. वरचं मशीन एका दमात थांबलं. सुटलेल्या टोकाला त्यानं टेस्टर लावला, तर तो पेटला. न्यूट्रलची वायर, आणि टेस्टर पेटतोय! आता आणखी काय पुरावा हवा होता?

जिन्यावर चपला वाजल्या. धाकटा बॅटरी घेऊन उतरला. झोत आधी पेटीवर पडला, मग पक्कडीवर, मग भावाच्या तोंडावर.

"म्हणजे तूच होतास," धाकटा म्हणाला.

"मी काय?"

"आमचे दिवे सारखे मिणमिणतात, फडफडतात. ही म्हणत होती, खालून कुणीतरी पेटीत हात घालतंय. मी तिच्यावरच ओरडलो. म्हटलं, दादा असलं करणार नाही."

"मला शिकवतोस? तुझी वीज माझ्या मीटरमधून फिरतेय. हा बघ फ्यूज, माझ्या खिशात आहे. तरी मीटर पळत होतं!"

धाकट्यानं फ्यूजकडे बघितलं. मग स्वतःचा फ्यूज काढला आणि स्वतःच्या पेटीचं झाकण उघडलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मीटरकडून येणारी त्याची न्यूट्रल काळी ठिक्कर पडली होती. थोरल्यानं पक्कडीनं जरा हलवली, तशी ती पट्टीतून निसटून लोंबायला लागली.

"कधी जळाली ही?"

"मला काय माहीत? हे झाकण मी कधी उघडतो?"

थोरल्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. घर एक होतं तेव्हा दोन्ही पट्ट्या त्या बारीक वायरीनं जोडलेल्या. पुढे मजले वेगळे झाले, मीटर वेगळी झाली, फेजही वेगळी केली. ही वायर काढायचं मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. धाकट्याची वीज येत होती त्याच्याच मीटरमधून. तिची परतीची वाट जळाली, म्हणून ती खालच्या घरातून परत जात होती. थोरल्याचं मीटर बिचारं तेवढंच मोजत होतं. आणि आत्ता त्यानं तीही वाट तोडली, म्हणून टेस्टर पेटला होता.

"चोरी नाही रे ही," तो पुटपुटला.

"चोरी कोण म्हणालं?"

थोरल्याची बायको मुकाट्यानं आत निघून गेली.

वरून धाकट्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, कोण आहे खाली? मी सांगत होते ना तुम्हाला!"

धाकटा भावाच्या हातातल्या पक्कडीकडे बघत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "दादा आहे. दुरुस्त करतोय."

थोरल्यानं जळकं टोक कापलं, वायर सोलली, पट्टीत घातली. धाकट्यानं बॅटरी जवळ आणली.

तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्याला अवजारांची पिशवी अडकवलेला एक माणूस जिन्याशी येऊन डोकावला.

"वीज ऑफिसातून आलोय. चोरीची तक्रार कुणाची? वरच्या मजल्यावाल्यांची चोरी आहे म्हणे."

थोरल्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेतच थांबला. मान वर करायची त्याची छाती झाली नाही. बॅटरीचा झोत तसूभरही हलला नव्हता.

"आधी स्क्रू आवळ," धाकटा म्हणाला.