पाचवं घर

"अक्का, वारी खंडेरायाची!"

शेजारच्या दारातून येडबाची हाक आली आणि मी हातातलं सूप खाली ठेवून कान टवकारले. आमच्या घरची मूठ घेऊन तो नुकताच पुढे गेला होता. आमचं चौथं घर, धुरपतामावशीचं पाचवं.

"फुडं जा," आतून आवाज आला. आठ वर्षांत दुसरा शब्द आला नव्हता.

येडबा आमच्या गावचा मेंढपाळ. खंडोबाच्या नावानं दर रविवारी पाच घरी धान्य मागायचं, याला त्यांच्यात वारी मागणं म्हणतात. कपाळाला भंडारा, हातात कोटंबा म्हणजे धान्य घ्यायचं लाकडी पात्र, आणि मिळेल त्याचीच भाकरी करून खायची. एक जरी घर राहिलं तरी येडबा त्या मुठी मेंढरांना घालायचा आणि स्वतः उपाशी राहायचा. म्हणजे आठ वर्षं प्रत्येक रविवारी उपाशीच. आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबईला जोडला गेला, झरीच्या रस्त्यानं मोटार धावू लागली, पण याची पाच घरं काही बदलली नाहीत. खरं सांगते, मला त्याचा रागच यायचा. भक्ती कसली, नुसता हट्ट वाटायचा.

मावशी का वाढत नाही, हे गावाला ठाऊक होतं. रझाकारीच्या उन्हाळ्यात तिचा एकुलता एक मुंजाजी, चळवळीतला पोरगा, येडबाच्या वाडग्यात, मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणात, लपला होता. सकाळी बंदूकवाले आले आणि इकडे तिकडे न बघता सरळ वाडग्याकडे गेले. मुंजाजी परत आला नाही. "म्या रानात हुतो, मला काय ठावं," एवढंच येडबा तेव्हा बोलला होता. खरं-खोटं कोण करणार?

त्या रविवारी परत जाताना मी त्याला थांबवलंच. "मामा, घर बदला की. खोकल्यानं पार खंगलात. मामी रडायलीय तुमच्या पायी."

तो आमच्या ओट्यावर टेकला. कोटंबा मांडीवर घेतला.

"बाई, त्या साली मपला देवच गेला हुता. देवाचे चांदीचे टाक फडक्यात बांधून आढ्याला टांगले. वरीसभर नाव घेतलं न्हाई. मग एका रविवारी उठलो अन् कोटंबा घेतला. देवासाठी न्हाई, घरात बसवंना म्हणून. मग दुसऱ्या रविवारी. मग तिसऱ्या. असं करता करता आता वाटायलंय, त्यो हाय. आयकायलाय."

"मग बरंच झालं की."

"बरं कशाचं? आयकणारा हाय म्हणल्यावर लय भ्या वाटायलंय."

पुढच्या रविवारी त्याला उठवेना. त्याची बायको, भिवराबाई, कोटंबा घेऊन आली. आमच्याकडून घेऊन ती शेजारी गेली, तशी मावशी पहिल्यांदाच दाराबाहेर आली.

"त्याला काय झालं?"

"ताप हाय अक्का. पाय धरंनात."

"त्यालाच पाठीव," मावशी म्हणाली आणि आत गेली. बाईचं काळीज की दगड, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

दुपारी येडबा आला. बायकोच्या खांद्यावर हात टाकून, उन्हात, पाय ओढत. मावशीच्या दारात उभा राहिला, पण नेहमीची हाक दिली नाही.

"अक्का, म्या रानात नव्हतो. वाडग्यापाशीच हुतो."

मावशी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"त्यांनी मला मारलं न्हाई. हातबी उगारला न्हाई. नुसतं इचारलं, अन् म्या बोट दावलं."

भिवराबाईनं त्याचा हात खांद्यावरून काढला. तिलाही हे ठाऊक नव्हतं. तो हेलपाटला, पण उभा राहिला.

मावशी आत गेली. रांजणावरचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिनं ओंजळभर जवारी कोटंब्यात ओतली.

"मला म्हाईत हुतं. तुझ्या तोंडून आयकायचं हुतं. झाली तुझी पाच घरं. आता या दारात येऊ नको."

येडबानं चिमूटभर भंडारा उंबऱ्यावर ठेवला आणि भिंतीला धरून धरून निघाला. भिवराबाई चार पावलं मागून चालली होती.

पंधरा दिवसांनी ताप उतरला आणि तो पुन्हा वारीला आला. मी मूठ घातली आणि विचारलं, "मामा, आता पाचवं घर कोणाचं?"

"पाचवं न्हाई," तो म्हणाला आणि मान खाली घालून पुढे निघाला.

मावशी दारात उभी होती. ओंजळ जवारीनं भरलेली. येडबानं वर पाहिलंच नाही. येऊ नको म्हटलं होतं ना तिनं. मला हाक मारावीशी वाटली, आणि मी मारली नाही. आजही त्याची चुटपुट लागते. तो वळणावरून दिसेनासा झाला.

"चारच घरं झाली गं त्याची," मावशी माझ्याकडे बघून म्हणाली. "म्हंजी आज उपाशीच."

जवारी पुन्हा रांजणात ओतायला ती आत गेली. दुपार झाली, दिवेलागण झाली. त्या दिवशी तिच्या घरातूनही चुलीचा धूर निघाला नाही.