भाडेकरूसाठी केलेली फरशी

माझा मोठा भाऊ घरांचा एजंट आहे. तो बोलायला लागला की समोरच्याला वाटतं, आपण आजवर नुसत्या झोपा काढल्या. माझ्या नवऱ्याचंही तेच झालं. हे फरशी बसवतात. कामात कुणी नाव ठेवणार नाही, पण व्यवहार म्हटला की हात वर.

"तुमचं राहतं घर नुसतं पडून आहे," दादा म्हणाला.

"पडून कुठं? आम्ही राहतो की त्यात," मी म्हटलं.

"तसं नाही गं. ते बँकेकडे तारण ठेवा. त्या पैशातून नव्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरा, बाकीचं कर्ज काढा. भाडेकरू येईल, त्याच्या भाड्यातून दोन्ही हप्ते जातील. पैसा दुसऱ्याचा, घर तुमचं. याला लिव्हरेज म्हणतात."

"म्हणजे पहार," हे म्हणाले. "टेकू लावायचा आणि मोठा दगड उचलायचा."

"अगदी बरोबर."

"आणि टेकू म्हणजे आमचं घर," मी म्हटलं. दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण सही मीही केलीच. खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता.

फ्लॅट ताब्यात आला त्या दिवशी ह्यांनी हातोडीच्या दांड्यानं फरशी वाजवून पाहिली. "पोकळ बसवलीय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळी उखडली.

"भाडेकरू काय फरशी वाजवून बघणार आहे?" दादानं कपाळाला हात लावला.

नवी फरशी बसली. मग न्हाणीघराचा उतार पटेना, तो तोडला. मग हॉलमधल्या एका फरशीचा रंग बाकीच्यांपेक्षा फिका वाटायला लागला. दादा गिऱ्हाईक घेऊन आला की हे दारातूनच सांगायचे, "अजून सुकतंय." बाहेरची कामं घेणं बंद झालं होतं. फ्लॅट रिकामा, कमाई बंद, आणि हप्ते मात्र वेळच्या वेळी हजर. आधी आमची शिल्लक संपली, मग मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेलं काढलं. तेही पुरेना.

मग बँकेतून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. असंच चालू राहिलं तर तारणाच्या घराचं बघावं लागेल, म्हणाल्या. चपला घातल्या आणि तडक फ्लॅटवर गेले.

हे गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं सांधे पुसत होते.

"अहो, बँक उतार मोजत नाही, हप्ते मोजते. कुणासाठी चाललंय हे सगळं? अजून न आलेल्या भाडेकरूसाठी?"

ह्यांनी फडकं बादलीत पिळलं.

"लोकांच्या घरात इतक्या फरशा बसवल्या," हे म्हणाले. "काम झालं की पैसे घ्यायचे आणि निघायचं. परत आत कोण बोलावतो? आपलं राहतं घर घेतलं ते जुन्या फरशीसकट. ही पहिलीच आपली. म्हटलं, जरा वेळ राहू दे आपल्याकडे."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पण राग गेला म्हणून हप्ता जात नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. वाटलं, आपणच इथं राहायला यावं आणि जुनं घर भाड्यानं द्यावं. मनातल्या मनात आकडे मांडून पाहिले. जुन्या घराच्या भाड्यात एक हप्तासुद्धा निघत नव्हता. ह्यांनीही तो हिशेब कधीच करून ठेवला असणार, चेहऱ्यावर दिसत होतं.

"दादाला फोन लाव," हे म्हणाले. "सुकली म्हणावं."

एक नर्सबाई आपल्या वडिलांना घेऊन राहायला आल्या. स्वभावानं चांगल्या, भाडं वेळेवर. हे कामाला जायला लागले, थकलेले हप्ते हळूहळू भरून निघाले. बँकेचे फोन थांबले. आमचं घर वाचलं. दादा अजूनही मिरवतो की कल्पना त्याची होती.

मध्यंतरी नर्सबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. हे हत्यारांची पिशवी घेऊन निघाले, मीही सोबत गेले. बाईंनी दार उघडलं. ह्यांनी बूट काढून भिंतीशी नीट लावले.

"असू द्या हो, या तसेच," बाई म्हणाल्या.

हे उंबऱ्यापाशीच थांबले. एकदा खाली फरशीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"आत येऊ का?"

घराचे मालकच असं विचारतात म्हणून बाईंना हसू आलं. मी मात्र माझ्या चपला काढून ह्यांच्या बुटांशेजारी नीट लावल्या.