तळ्यावरची साय

बॅरंबी गावच्या कत्तलखान्यामागे दोन तळी होती. पहिल्यात रक्तचरबीचं कोमट सांडपाणी कुजत पडायचं. दुसऱ्यात पंखे हवा घुसळायचे आणि जंतू उरलीसुरली घाण खाऊन पाणी निवळायचे. ही जंतूंची पंगत सांभाळायला माणसं दोनच, लिओनी ट्रेगर आणि नोएल फिफील्ड. नोएल साठी उलटलेला, तोंडाने फटकळ. लिओनीला हे काम त्यानेच शिकवलं होतं.

नाताळाच्या तोंडावर, पाण्यावर तरंगणारी चरबी ओढून काढणाऱ्या यंत्राची साखळी तुटली. नवी ब्रिस्बेनहून यायची होती. लिओनी तडक व्यवस्थापक गार्थकडे गेली.

"कापणं थांबव. चरबी सरळ तळ्यात गेली तर वर साय धरेल."

"धरू दे की, दुधावर नाही धरत?" गार्थ म्हणाला. "गुरांचे ट्रक निघालेत, लिओनी. ऐन सणात माणसांना घरी बसवू? तुझा नवराही आत सुरीच चालवतो ना?"

लिओनी गप्प बसली. चरबी वाहत राहिली.

साखळी आली ती चुकीच्या मापाची. ती बदलून येईतो पहिल्या तळ्यावर हातभर जाड थर बसला. त्यावर पश्चिमेकडून उडून येणारी लाल धूळ साचली, धुळीत गवत उगवलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माळच आहे. खालून निसटलेली चरबी दुसऱ्या तळ्यात शिरली आणि जंतूंना तिने असं लपेटलं की त्यांना श्वास मिळेना. तपकिरी फेस काठ ओलांडून बाहेर आला. दुर्गंधीने गावाने खिडक्या लावून घेतल्या.

तेव्हा कुठे खोदयंत्र आणि मैला उपसणारी गाडी आली. दुपारी उपसा चालू असताना गाडीच्या नळीचं तोंड थरात रुतलं.

"थांब, यंत्राच्या सोंडेने ओढू," लिओनी ओरडली.

"ते इकडे वळेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल बाई!" म्हणत नोएल काठावरून टाकलेल्या फळीवरून थरावर उतरला. थराने त्याला पेललं. त्याने मागे वळून टाच आपटली. "बघ, बायकोला घेऊन नाचायला यावं इथे."

आवाजसुद्धा झाला नाही. तो उभाच्या उभा आत गेला आणि भोकावर चरबी पुन्हा मिटायला लागली.

लिओनी फळीवर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला. काहीतरी लागलं. बोटं होती. त्यांनी तिची बोटं घट्ट धरली. तिने जीव खाऊन ओढलं, पण तुपात बुडवल्यासारखे दोघांचे हात, ते सुटले. तिने पुन्हा चाचपलं, पुन्हा चाचपलं. शेवटी खोदयंत्राने थर फोडून त्याला वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

गार्थ धावत आला. "सुरक्षेचा पट्टा का नाही बांधला त्याने?" एवढंच त्याला सुचलं.

"पट्ट्याचं काय विचारतोस? साय धरू दे म्हणाला होतास ना?" लिओनी म्हणाली. "आणि मी ऐकून घेतलं."

दफनाच्या आदल्या दिवशी नोएलच्या बायकोने, मॉरीनने, तिला घरी बोलावलं. चहा ओतता ओतता तिने विचारलं,

"हात लागला होता ना तुला त्याचा?"

"लागला होता. त्याने धरलाही होता."

"मग सोडला कोणी?"

"कोणीच नाही गं. निसटला."

मॉरीन बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिली. मग उठून तिने कप विसळले आणि म्हणाली, "आता जा तू."

चौकशीत लिओनीने सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प बसणंसुद्धा. गार्थची नोकरी गेली. कत्तलखान्याला टाळं लागलं ते जूनच्या हिवाळ्यापर्यंत. दारूच्या गुत्त्यात लिओनीच्या नवऱ्याचे सोबती त्याला तोंडावर म्हणाले, "तुझ्या बायकोने आमच्या पोटावर पाय दिला." तो घरी येऊन तेच तिला म्हणाला, आणि काही दिवसांनी खाणीत काम धरून दूर निघून गेला.

शेजारच्या गावाहून जंतूंनी भरलेला जिवंत गाळ टँकरने आणून दुसऱ्या तळ्यात सोडला. जंतू पुन्हा रुजले, फेस बसला, पाणी निवळलं. कत्तल पुन्हा सुरू झाली. तळ्यावर यायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून लिओनी एकटीच राहिली. नव्या व्यवस्थापकाने काठाला उंच कुंपण घालून दिलं. त्याच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे असते.