आरिफचं मशीन

निगडीच्या बस टर्मिनसमागे एसी दुरुस्तीची दोन दुकानं समोरासमोर आहेत, एक कादरचं आणि दुसरं आरिफचं. आरिफ कादरच्याच हाताखाली शिकलेला. व्हॉल्व्ह बंद केला की लगेच साबणाचा फेस लावून गळती बघायची, हे कादरनं त्याला कान पिळून शिकवलं होतं. त्याच आरिफच्या दुकानावर आज झेंडूची माळ लागली होती, आणि कादरच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

कारण एक मशीन. एसीतला जुना गॅस हवेत सोडला की पृथ्वी तापते, म्हणून पुष्कळ देशांनी मिळून तो गोळा करायचं ठरवलं आणि मेकॅनिकांना मशीनं दिली. आधी विचारलं होतं कादरलाच. "जन्मभर गॅस आभाळात सोडला, आभाळानं कधी तक्रार केली नाही," म्हणत त्यानं हसून मशीनवाल्यांना वाटेला लावलं. मशीन समोर गेलं. मागोमाग गिऱ्हाइकंही गेली. घरी बायको सलिमा तर रोज भाकरीबरोबर तोच टोमणा वाढायची.

आज त्या देशांपैकी डेन्मार्क आणि घानाचे पाहुणे सिलिंडरमध्ये साठलेल्या गॅसचं वजन करणार होते. वजन भरलं तर मशीन आरिफकडे कायम, नाहीतर तळेगावच्या कुणाला तरी.

"उस्ताद, पाहुण्यांना घेऊन येतो. जरा दुकानाकडे बघा," म्हणून आरिफ गेला.

कादरनं बघितलं! आत शिरून सरळ सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला. गॅस फुसफुसत निघाला तसं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. काम आटोपून, व्हॉल्व्ह बंद करून तो साळसूद चेहऱ्यानं बाहेर खुर्चीवर बसला.

पाहुणे आले. काट्यावर नुसत्या रिकाम्या सिलिंडरचं वजन भरलं. आरिफ गोंधळून खाली वाकला, आणि थांबला. व्हॉल्व्हवर साबणाचा ताजा, ओला फेस होता. रिकाम्या सिलिंडरचीसुद्धा गळती बघितल्याशिवाय कादरच्या हाताला राहवलं नव्हतं.

कादर खुर्चीतून अर्धवट उठला. आरिफनं एकदाच त्याच्याकडे बघितलं. मग बाहीनं फेस पुसला आणि पाहुण्यांना म्हणाला, "चूक माझीच. व्हॉल्व्ह ढिला राहिला."

मशीन टेम्पोत चढलं. टेम्पो वळल्यावर आरिफनं दोन चहा आणले.

"घ्या, उस्ताद."

कादरनं कप घेतला. मशीन गेलं, तरी पोटातली जळजळ होतीच, उलट वाढली होती. चूक स्वतःवर घेऊन असं गप्प राहणं त्याला जन्मात जमलं नसतं. आणि आरिफला हे तरी त्यानं शिकवलेलं नव्हतं.