डिलीट न्हाई, हाईड

लोकांना वाटतं, आम्ही ऑफिसात बसून दिवसभर फेसबुक बघतो. व्हय, बघतो की! दहा ते सहा तेच बघते मी, आणि त्याचाच पगार घेते. दुकानदार, दवाखाने, क्लासवाले पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांपर्यंत पळवतात, आणि लोक खाली येऊन जीभ मोकळी करतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते सगळं निस्तरायचं काम माझं. मी वर्षाराणी, निलंग्याची. लातुरात एका साडीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस हाय.

आमच्या राजशेखर सरांचा एकच नियम. कमेंट डिलीट करायची न्हाई, हाईड करायची. "डिलीट केली की माणसाला कळतं," ते म्हणायचे, "मग तो चवताळून दहा ठिकाणी लिहितो. हाईड केली तर त्याची त्याला दिसत राहते, त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना दिसत राहते. बाकी दुनियेला न्हाई. तो बी खूश, आपण बी खूश." दोन वर्षं मी डोळे झाकून हेच केलं. कुणी लिहिलं माल खराब निघाला, हाईड. कुणी आईवरून शिवी दिली, हाईड. कधी काही बिघडलं न्हाई.

निकाल लागल्यावर सीईटीच्या एका क्लासची जाहिरात आली. फोटो सुकन्या नावाच्या पोरीचा. शिरूर अनंतपाळच्या जवळच्या एका वाडीतली, शेतकरी घरातली, क्लाससाठी लातुरात राहिलेली. बाप शेषेराव तिच्या तोंडात पेढा घालायलाय आणि ती लाजून खाली बघायलीय. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तिचा नंबर लागला होता. सरांनी वर ठळक लिहिलं, 'शिरूर अनंतपाळची लेक', आणि जाहिरात फक्त त्याच तालुक्यात सोडली. आपल्या गावची पोरगी दिसली की माणूस थांबतोच, हे त्यांचं गणित. गणित बरोबर निघालं. पहिल्या दिवशी नुसते हार, फुलं, हात जोडलेले. अभिनंदन बेटा, लई मोठी हो. एका काकानं तर अभिनंदनासोबत आपल्या खताच्या दुकानाचा नंबर बी टाकला.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या नंबरवर फोन आला.

"मॅडम, मी सुकन्या. त्या फोटोतली." आवाज अगदी बारीक. "आमच्या गल्लीतल्या दयानंदनं खाली घाण लिहिलंय, दोनदा सीईटी देऊन नंबर न लागलेला तो. आप्पांनी बघायच्या आत काढा ना. बुधवारी ते मला विष्णुपुरीला सोडायला येणार हायेत. ॲडमिशनची शेवटची तारीख हाय."

मी बघितलं. 'लातुरात ही कुणाच्या गाडीवर मागं बसून फिरायची ते बी छापा की.' खाली वीस-पंचवीस जण दात काढून हसलेले, आणि त्याच्याही खाली भांडणाची ही लांबण. माझं डोकंच फिरलं. मेल्याला स्वतःला दोनदा परीक्षा देऊन काही जमलं न्हाई, आणि चालला दुसऱ्याच्या लेकीला डाग लावायला!

"मॅडम, मी पण त्याला खाली..."

"तू कायबी लिहू नको," मी तिला मधेच तोडलं. "असल्यांच्या तोंडी लागायचं नसतं. मी बघते."

दयानंदच्या कमेंटीपासून खालच्या सगळ्या कमेंटींवर मी एकदम खुणा केल्या आणि वाचत न बसता हाईड दाबलं. माझ्या मोबाईलवरून बघितलं, साफ. तिला म्हणलं, तू बघ. तिनं बघितलं. "गेलं मॅडम, त्याचं गेलं!" म्हणाली, आणि रडायलाच लागली. मला बी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी चहा जरा तोऱ्यातच प्याले.

तरी सरांना जाऊन सांगितलं की ही जाहिरात बंद करा, पोरीच्या इज्जतीचा सवाल हाय. ते म्हणाले, "अगं, भांडण झालं की पोस्ट अजून पळते. गुरुवारपर्यंतचे पैसे भरलेत क्लासवाल्यानं. आणि कमेंट हाईड केलीस ना तू? मग?" बंद करायचं बटण त्यांच्याकडं. माझ्याकडं फक्त कमेंटी.

गुरुवारी दुपारी एक माणूस जिना चढून आला. पांढरं धोतर, टोपी हातात. फोटोतला पेढेवाला हात मी लगेच ओळखला.

"कमेंटीचं काम बघणाऱ्या मॅडम तुमीच का?" शेषेराव म्हणाले. "एक इनंती हाय. आमच्या लेकीच्या फोटूखालचं तेवढं काढा."

"आप्पा, ते तर मी सोमवारीच काढलं."

त्यांनी आपला मोबाईल पुढं केला. दयानंदची कमेंट जशीच्या तशी. हसणारे आता साठच्या वर गेलेले.

अगं बाई, वर्षाराणी! त्याच्या मित्रांना दिसत राहते. हे मला म्हाईत नव्हतं असं न्हाई. पण पुण्यातल्या कुणी गिऱ्हाइकानं लिहिलं, तर त्याचे मित्र कुठं आपली पोस्ट बघायला येतात? वाडीत मात्र सगळेच सगळ्यांचे मित्र असतात. तलाठी, सरपंच, भावकी, सोयरे, दयानंद, शेषेराव, सगळे एकमेकांचे. मी ती कमेंट साऱ्या दुनियेपासून लपवली होती आणि नेमकी तिच्या गावाला दाखवत राहिले होते. तिथल्या तिथं डिलीट केली.

"आता काढून काय," शेषेराव म्हणाले. "गावाला पाठ झालंय ते. पर मला त्येचं बी काय न्हाई मॅडम. लोक बोलत्यात. त्या दयान्याला मी वळखून हाय."

"मग बुधवारी तिला नेलंत ना विष्णुपुरीला?"

"न्हाई." ते खुर्चीवर टेकले, टोपी मांडीवर ठेवली. "नेणार होतो. पेटी भरली होती. पर पोरगी माझ्याशी खोटं बोलली."

"काय बोलली?"

"म्हणाली, आप्पा, मी त्याला उत्तर दिलंय, तिथंच खाली, समद्यांसमोर. रविवारी रातीच तिनं मैत्रिणीकडून फेसबुकचं खातं उघडून घेतलं होतं म्हणं, तेवढ्यासाठी. मी माझ्या मोबाईलात वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठंच न्हाई. भावाला बघायला लावलं, त्याच्या बी मोबाईलात न्हाई. ती म्हणती, माझ्या मोबाईलात दिसतंय. मी तिचा मोबाईल हातात बी घेतला न्हाई, म्हणलं, दुनियेला दिसत न्हाई आन तुला एकटीलाच दिसतंय व्हय? तवा माझं मन मोडलं. म्हणलं, ही आज एवढं बोलती, तर गाडीचं बी खरं असंल."

मी सोमवारच्या हाईड केलेल्या कमेंटींची यादी उघडली. वरून सातवी. नवं खातं, फोटो न्हाई, एक बी मित्र न्हाई, म्हणजे हाईड केल्यावर लिहिणाऱ्याला एकट्यालाच दिसणारी. सकाळी आठ वाजता लिहिलेली.

'मी सुकन्या. ज्या गाडीवर मला बघितलं ती माझ्या शिवप्रसाद मामाची होती. मला टायफॉईड झाला होता, मामा मला रोज सलाईनला न्यायचे. घरी सांगितलं न्हाई कारण आप्पांनी फवारणी सोडून लातूरला चकरा मारल्या असत्या. माझ्या आप्पांचा माझ्यावर विश्वास आहे. बाकी कुणी काय म्हणायचं ते म्हणा.'

स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. ते ओठ हलवत, एकेक शब्द जुळवत वाचत होते. शेवटच्या ओळीपाशी थांबले. परत वाचली.

"हे तर हाय की हितं," ते म्हणाले. "मग दडवलं कुणी?"

मला म्हणता आलं असतं, सिस्टीमनं. सर तेच म्हणाले असते.

"मी," मी म्हणाले. "न वाचता. सोमवारी ती मला हेच सांगायला लागली होती, मी तिला बोलूच दिलं न्हाई."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या. त्यांनी नुसता आपला मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "तिला लावून द्या. मला बोलणं जमायचं न्हाई. तुमीच सांगा."

मी कॉलेजची तारीख वाढते का ते आधी बघितलं. शेवटची फेरी होती, काल संध्याकाळी पाचला संपलेली. मग फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"आप्पा?"

"मी वर्षाराणी बोलतेय, लातूरहून. आप्पा इथंच हायेत." मी म्हणाले, "सुकन्या, तू लिहिलेलं त्यांनी वाचलं."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता?" ती म्हणाली.

शेषेरावांनी हात पुढं केला होता. मी त्यांच्या कानाला मोबाईल लावला, पण तोवर तिनं फोन ठेवून दिला होता.